अरण्याचें वजन

वाण्याच्या तराजूवर तांदूळ तोलतां येतात, वखारींतल्या काट्यावर लांकडाचा ओंडकाहि तोलतां येतो. परंतु डोंगरउतारावर उभें असलेलें सबंध अरण्य तोलून दाखवा असें कोणीं म्हटलें, तर तें लोककथेंतल्या राजानें प्रधानाला घातलेल्या कोड्यासारखें वाटेल. आज मात्र हेंच कोडें देशोदेशींचीं सरकारें, विद्यापीठें आणि पेढ्या मोठ्या गंभीरपणानें सोडवीत बसल्या आहेत. हवेंतील कर्बाम्लवायु, म्हणजे ज्याला हल्लीं कार्बन डायऑक्साइड म्हणतात तो, वाढत चालला आहे. झाडें तो शोषून त्यांतील कर्ब आपल्या लांकडांत सांठवितात. आणि कोणत्या देशाच्या रानांत किती कर्ब सांठला आहे ह्यावर करार, आश्वासनें आणि पुष्कळ पैसाहि अवलंबून राहूं लागला आहे. २०१५ सालीं भारतानें जगासमोर असें जाहीर केलें कीं, २०३० पर्यंत वनें व वृक्ष वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कर्बाम्लवायु मुरेल एवढी जादा सोय निर्माण केली जाईल. आश्वासन टनांत दिलें म्हणजे हिशेबहि टनांतच द्यावा लागतो. आणि वजन केलें कसें, हें विचारण्याचा हक्क ऐकणाराला पोंचतो.

ह्या विद्येचा आपल्या बाजूचा आरंभ मौजेचा आहे. १८५२ सालीं इंग्रजांनीं ब्रह्मदेशाचा पेगू प्रांत घेतला. तेथील सागवनांवर लांकडाच्या व्यापाऱ्यांचे डोळे लागलेले होते, आणि रानांत साग उरला आहे किती, हें कोणासच धड ठाऊक नव्हतें. १८५६ सालीं दीत्रिख ब्रांडिस नांवाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ तेथें वनाधिकारी म्हणून रुजू झाला. सबंध रान मोजणें अशक्य. तेव्हां रानांतून एका ओळीनें, पुष्कळदां हत्तीवर बसून, जावयाचें आणि दोहों बाजूंस ठराविक अंतरापर्यंत दिसतील तेवढे साग मोजावयाचे, अशी रीत त्यानें पाडली. एका हातांत काठ्यांचे तुकडे, दुसऱ्या हातांत चाकू. घेराप्रमाणें सागाचे वर्ग केलेले, आणि प्रत्येक वर्गाचा तुकडा निराळा. सहा फुटांवर घेराचा साग दिसला कीं पहिल्या तुकड्यावर खांच. त्याहून बारीक दिसला कीं पुढच्या तुकड्यावर. त्या रानांतल्या पावसांत कागद भिजतो आणि शाई पसरते, पण लांकडावरची खांच पुसत नाहीं. मुक्कामावर पोंचल्यावर खांचा मोजून वहींत उतरावयाच्या, आणि त्या पट्ट्यांतल्या संख्येवरून सबंध रानाचा अंदाज बांधावयाचा. हाच ब्रांडिस पुढें १८६४ सालीं हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. त्याला हवा होता तो इमारती लांकडाचा हिशेब, कर्बाचा नव्हे. तथापि थोडें मोजून पुष्कळाचा अंदाज करावयाचा, आणि झाडांची नुसती संख्या न धरतां त्यांचा घेर धरावयाचा, ह्या दोन गोष्टी त्या खांचांपासून आजच्या मोजणीपर्यंत टिकून आहेत.

घेर मोजावयाचा तो जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट उंचीवर, छातीच्या सुमारास. बुंधा खालीं फुगलेला असतो. जो तो आपल्या सोयीच्या उंचीवर टेप लावूं लागला तर दोन वह्यांचा मेळ बसणार नाहीं, म्हणून ही उंची देशभर एकच ठेवलेली आहे. झाड उतारावर असेल तर वरच्या अंगाला उभें राहून उंची धरावयाची. बुंध्याला फळ्यांसारखे मुळांचे पंख फुटले असतील तर ते जेथें संपतात त्याच्या वर टेप न्यावयाची. वेल चढलेला असेल तर टेप वेलाखालून घालावयाची. ह्या बारीकसारीक गोष्टी ऐकावयास कंटाळवाण्या खऱ्या, परंतु पुढचे सगळे अब्जावधि टन ह्यांवर उभे आहेत. उंचीसाठीं झाडावर चढावें लागत नाहीं. सपाट जागीं मागें मागें सरत जाऊन शेंडा ४५ अंशांच्या कोनांत दिसूं लागला कीं, झाडापर्यंतच्या अंतरांत डोळ्याची उंची मिळवावी; तीच झाडाची उंची. मॅट्रिकच्या त्रिकोणमितींतलें हें अगदीं सोपें उदाहरण. प्रत्यक्षांत अडचण येते ती त्रिकोणमितीची नव्हे. दाट रानांत वीस पावलें मागें सरलें कीं आपल्या झाडाचा शेंडा कोणता आणि शेजाऱ्याचा कोणता, ह्यावरच दोघांचा वाद सुरू होतो.

आतां उदाहरणादाखल एक जुना साग घ्यावा. घेर दोन मीटर, उंची पंचवीस मीटर. दोन मीटर घेर म्हणजे व्यास सुमारें चौसष्ट सेंटिमीटर. बुंधा वर निमुळता होत जातो हें धरून हिशेब केला तर सुमारें साडेतीन घनमीटर लांकूड भरतें. सुक्या सागाचा एक घनमीटर सहाशें किलोच्या थोडा आंत भरतो. तेव्हां खोडाचें वजन दोन टन. सुक्या लांकडाचा जवळजवळ अर्धा भाग कर्ब असतो. म्हणजे ह्या एका खोडांत एक टन कर्ब. फांद्या आणि मुळें निराळीं. हा टनभर कर्ब जळाला तर प्राणवायूशीं मिळून त्याचा ३.६७ टन कर्बाम्लवायु होईल. आतां ह्याच्या शेजारीं नव्या लागवडींतला, अर्धा मीटर घेराचा आणि बारा मीटर उंचीचा साग उभा करावा. त्याच रीतीनें हिशेब केला तर त्याच्या खोडांत भरतो अवघा तीस किलो कर्ब. घेर चौपट, उंची दुप्पट. परंतु कर्ब तेहतीसपट! एका जुन्या झाडाच्या बदल्यांत दहा रोपें लावलीं, म्हणजे झाडें दसपट झालीं, असें समारंभांतून पुष्कळदां ऐकूं येतें. बोलणाऱ्यानें हा गुणाकार करून पाहिलेला नसतो. जगांतील अठ्ठेचाळीस ठिकाणच्या वनखंडांच्या मोजणीवरून २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, सर्वांत जाड अशा शेंकडा एक झाडांतच उभ्या रानाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग असतो.

अर्थात् सागाचा हिशेब सर्व झाडांना लागू पडत नाहीं. कांटेसावर आणि अंजन हीं दोन झाडें सारख्या घेराचीं असलीं तरी सावरीचें लांकूड हलकें, तर अंजनाचें पाण्यांत बुडेल इतकें जड. म्हणून प्रत्येक जातीच्या लांकडाची घनता निराळी धरावी लागते. मग घेर, उंची आणि घनता ह्यांवरून सबंध झाडाचें वजन सांगणारीं सूत्रें आलीं कोठून? झाडें तोडूनच. २०१४ सालीं जेरोम शाव्ह आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं उष्ण कटिबंधांतील अठ्ठावन्न ठिकाणच्या ४,००४ झाडांचीं मापें एकत्र केलीं. हीं सारीं झाडें निरनिराळ्या संशोधकांनीं पाडून वजन केलेलीं होतीं. त्यांवरून बसविलेलें सूत्र आज जगभर वापरतात. फिरून फिरून शेवटीं तराजू आलाच.

वजनापेक्षां अवघड प्रश्न वयाचा. साग पानें गाळणारा. त्याच्या लांकडांत दर वर्षाचें एक वर्तुळ उमटतें. पोकळ गिरमिटानें खोडांतून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढली तर झाड न पाडतांहि तीं वर्तुळें मोजतां येतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकांनीं सागाच्या अशा वर्तुळांवरून गेलेल्या काळांतील पावसाचाहि मागोवा घेतला आहे. परंतु सह्याद्रीच्या सदाहरित रानांतल्या कित्येक झाडांना अशीं स्वच्छ वर्तुळें पडत नाहींत. शिवाय एका झाडाचें वय म्हणजे अरण्याचें वय नव्हे. पोक्त अरण्यांत एका पिढीचीं झाडें नसतात. कुटुंबांत जशीं पणजोबापासून तान्ह्या मुलापर्यंत सगळीं नांदतात तशीं तेथें अंगठ्याएवढीं रोपें, मनगटाएवढे वासे आणि चार माणसांच्या कवेंत न मावणारे बुंधे एकत्र असतात. उभे वाळलेले आणि आडवे पडून कुजत असलेले ओंडकेहि असतात. जाणत्या माणसाला वनरक्षकाची वहीच हें सांगते. बारीक घेराचीं झाडें पुष्कळ, मध्यम थोडीं, अति जाड अगदीं मोजकीं पण आहेत, असा आंकड्यांचा उतार दिसला कीं रान जुनें. सगळे आंकडे एकाच घेराभोंवतीं घोटाळत असले कीं ती लागवड. एका दिवशीं लावलेली आणि बहुधा एका दिवशीं तोडली जाणारी.

असें पोक्त रान पाहावयाचें तर महाराष्ट्रांत दूर जावें लागत नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत आलापल्ली येथें जुन्या सागवनाचा सुमारें सहा हेक्टरांचा तुकडा राखलेला आहे. २०१४ सालीं त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पश्चिमेकडे देवराया आहेत. १९७० नंतरच्या वर्षांत वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्यांनीं गांवोगांव हिंडून सह्याद्रींतील देवरायांचा अभ्यास केला आणि देवाच्या धाकानें राखलेल्या ह्या तुकड्यांचें महत्त्व शास्त्रीय जगापुढें मांडलें. भोंवतालचें रान पूर्वीं कसें असावें ह्याचा नमुना पाहावयाचा तर तो बहुधा तेथेंच सांपडतो.

एवढ्या विस्तीर्ण देशांत टेप घेऊन कोठवर फिरणार? म्हणून माणसानें वरून पाहण्याचा प्रयत्न फार लवकर सुरू केला. ब्रांडिसच्याच ब्रह्मदेशांत, इरावतीच्या मुखाकडील दलदलीच्या वनांचीं १९२४ सालीं विमानांतून छायाचित्रें घेऊन नकाशे तयार करण्यांत आले. १९७२ सालीं अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह आकाशांत गेला, आणि त्याच्या चित्रांनीं आपल्याकडे मोठा धक्का दिला. राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेनें १९७२-७५ आणि १९८०-८२ ह्या दोन काळांतील चित्रें ताडून पाहिलीं, तेव्हां वनाच्छादन देशाच्या क्षेत्रफळाच्या शेंकडा १६.८९ वरून १४.१० वर उतरल्याचें दिसलें. दप्तरांत 'वन' म्हणून नोंदलेल्या कितीतरी जमिनीवर वन नव्हतेंच! १९८१ सालीं डेहराडून येथें भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली. तिचा पहिला अहवाल १९८७ सालीं निघाला, आणि तेव्हांपासून सामान्यतः दर दोन वर्षांनीं तो निघतो.

उपग्रह झाड कसें ओळखतो? पानांतील हरितद्रव्य तांबडा प्रकाश गिळतें, आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश पानें परत फेंकतात. तांबडा कमी आणि अवरक्त पुष्कळ, असा ठिपका दिसला कीं तेथें हिरवाई आहे. चित्र घ्यावयाचें तें मात्र पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास. वैशाखांत विदर्भाचें सागवन पाहिलें तर निष्पर्ण रान मेलेंच असें उपग्रहाला वाटावयाचें. ह्या युक्तीनें रानाचा विस्तार उत्तम कळतो. वजन मात्र कळत नाहीं, आणि वय तर नाहींच नाहीं. पानांचे कांहीं थर एकावर एक झाले कीं हिरवाईची मर्यादा गांठली जाते. मग खालीं तीस वर्षांची लागवड असो कीं तीनशें वर्षांचें रान असो, वरून दोन्हीं सारखींच गर्द. अंजन आणि सावर हा भेद तर अशा चित्रांत जवळजवळ लोपतोच.

त्यांत व्याख्येची भर. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांच्या छायेचें प्रमाण शेंकडा दहा किंवा अधिक आहे, ती सारी जमीन, मालकी कोणाचीहि असो आणि झाड कोणतेंहि असो, अहवालांत वनाच्छादन म्हणून धरली जाते. संस्था ही गोष्ट लपवीत नाहीं. प्रत्येक अहवालांत ती स्पष्ट लिहिलेली असते. परंतु वर्तमानपत्रांत मथळा येतो तो नुसत्या आंकड्याचा. कोंकणांतलें उदाहरण घेतलें म्हणजे ह्याचा अर्थ कळतो. खाजगी मालकीचें जुनें रान तोडून चार हेक्टरांवर काजू लावला आणि तो माथ्याला माथा लावून वाढला, कीं तो वनाच्छादनांत आला. शेजारच्या गांवीं पाऊण हेक्टराची देवराई आहे, जिच्यांतल्या एकेका बुंध्यांत त्या बागेच्या एका कोपऱ्याएवढा कर्ब भरलेला आहे. ती एक हेक्टराहून लहान, म्हणून तिची गणना वनाच्छादनांत नाहीं. तिच्या झाडांचा अंदाज 'वृक्षाच्छादन' ह्या निराळ्या सदरांत नमुन्याच्या मोजणीवरून येतो. २०१६ सालीं प्रतिपूरक वनीकरण निधीचा कायदा झाला. एका ठिकाणचें वन धरणासाठीं, खाणीसाठीं, रस्त्यासाठीं गेलें तर दुसरीकडे लागवड करण्यास पैसा ठेवावा हा त्याचा आशय. हेतु चांगलाच आहे. पण गेलेलें आणि आलेलें ह्यांची वजाबाकी जर हेक्टरांत मांडली, तर पोक्त रानाच्या जागीं कोंवळीं रोपें येऊनहि हिशेबाच्या तळाशीं तूट दिसणार नाहीं. तूट पडलेली असते ती टनांत.

म्हणून शास्त्रज्ञांनीं हिरवाईच्या पलीकडे पाहण्याचे दोन मार्ग काढले. पहिला लेसर किरणांचा. त्याला लायडर म्हणतात. डिसेंबर २०१८ मध्यें आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाकडे जेडी नांवाचें असें एक यंत्र पाठविलें. तें खालीं प्रकाशाचा ठोका टाकतें. तो जमिनीवर सुमारें पंचवीस मीटर व्यासाच्या वर्तुळांत पडतो. कांहीं प्रकाश शेंड्यावरून परततो, कांहीं मधल्या फांद्यांवरून, कांहीं जमिनीवरून. तीस मीटर उंच झाडाच्या शेंड्याचा आणि बुडाचा प्रकाश परत येण्यांत सेकंदाच्या पन्नास लाखाव्या भागाएवढें अंतर पडतें, आणि यंत्राला तें मोजतां येतें. ह्यांतून उंची तर कळतेच, परंतु त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे रानाचे मजले कळतात. एकवयी लागवडीचा परतलेला प्रकाश बहुधा एकाच उंचीवर गर्दी करतो. जुन्या रानाचा शेंड्यापासून जमिनीपर्यंत विखुरलेला येतो. वनरक्षकाच्या वहींतला घेरांचा उतार दुसऱ्या वेषांत दिसावा, तसाच हा प्रकार. उणीव एवढीच कीं तें यंत्र ठिपक्या-ठिपक्यांनीं मोजतें, सलग नकाशा देत नाहीं.

दुसरा मार्ग रडारचा. त्याला ढगांची अडचण नाहीं, रात्रीचीहि नाहीं. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोटा येथून इस्रो व नासा ह्यांचा निसार हा उपग्रह सोडण्यांत आला. त्याच्या दोन रडारांपैकीं एकाची तरंगलांबी सुमारें चोवीस सेंटिमीटर आहे. तेवढी लाट पानांना न जुमानतां आंत शिरते आणि जाड फांद्या व खोडें ह्यांवर आपटून परतते. जाडी जेवढी अधिक, तेवढा प्रतिध्वनि मोठा. पण हेक्टरीं शंभर-दीडशें टनांच्या पुढें हाहि प्रतिध्वनि वाढेनासा होतो. म्हणजे जेथें रान खरोखर भारी होतें नेमकें तेथेंच हें यंत्र मुकें पडतें. त्यासाठीं लाट आणखी लांब हवी. युरोपच्या अवकाशसंस्थेनें २९ एप्रिल २०२५ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील कूरू येथून सोडलेल्या बायोमास उपग्रहाची लाट सुमारें सत्तर सेंटिमीटरांची आहे, आणि घनदाट उष्ण वनांचें वजन सांगणें हेंच त्याचें मुख्य काम आहे.

आणि हें सारें झाल्यावरहि अर्ध्याहून अधिक हिशेब बाकीच राहतो, कारण तो जमिनींत आहे. २०२३ च्या नांवानें डिसेंबर २०२४ मध्यें निघालेल्या अहवालांत भारतीय वनांतील एकंदर कर्ब ७२८ कोटि ५५ लाख टन दिला आहे. अशा हिशेबांत पांच कोठारें धरतात: जमिनीवरचें झाड, जमिनीखालचीं मुळें, वाळलेलें लांकूड, पालापाचोळा आणि माती. ह्यांपैकीं एकट्या मातींतच निम्म्याहून जास्त कर्ब आहे. मातींतला हा कर्ब कोणत्याहि उपग्रहाच्या दृष्टीस पडत नाहीं. त्यासाठीं खड्डा खणून, माती पिशवींत भरून, प्रयोगशाळेंत न्यावी लागते.

एवंच उपग्रह क्षेत्र देतो, टेप आणि कुदळ दर हेक्टरीं वजन देतात, आणि दोहोंचा गुणाकार अहवालांत छापला जातो. नव्या उपग्रहांच्या प्रतिध्वनीचे टन करावयाचे तरी ज्या जागेचें वजन आधीं जमिनीवर काढलें आहे अशी जागा लागतेच. २०१६ पासून भारतीय वन सर्वेक्षणानें देशावर पांच किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटी आंखल्या आहेत. ज्या चौकटीची पाळी येते तिच्या आंत आठ मीटर त्रिज्येचीं चार वर्तुळें मोजतात. अडीच कोटि चौरस मीटरांची साक्ष आठशें चौरस मीटरांनीं द्यावयाची! म्हणूनच तीं वर्तुळें कोठें पडावींत हें आधीं नकाशावर ठरतें, रानांत गेल्यावर नव्हे. बिंदु कधीं घाणेरीच्या कांटेरी जाळींत पडतो, कधीं ओढ्यापलीकडच्या उभ्या उतारावर. वाटेच्या कडेला चांगलें सपाट रान दिसत असतें. दहा मिनिटांत काम उरकेल. पण वर्तुळ तेवढें बाजूला सरकविलें कीं तें फक्त वाटेच्या कडेच्या रानाची साक्ष देऊं लागतें, आणि आकाशांतल्या यंत्राला ही लबाडी पकडतां येत नाहीं. तेव्हां एकजण कोयत्यानें वाट काढतो, दुसरा दोरीनें आठ मीटर धरतो, तिसरा बुंध्याभोंवतीं टेप घालून ओरडतो: ऐन, एकशें बारा; हिरडा, सत्तर; ऐन, अठ्ठेचाळीस; आणि चौथा, कागद ओला होऊं नये म्हणून वहीवर वांकून, लिहीत जातो.